गिधाडं गेली कुठं? एका शोधनिबंधाचा आपल्या गोठ्यापर्यंतचा प्रवास



बेणे, खत, पाणी आणि तोडणीचा कार्यक्रम हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण तो आपल्या गोठ्यातून निघतो आणि गोठ्यातच येऊन संपतो, म्हणून सर्वांनी सवडीने वाचावा ही विनंती.

गटवार शेतकरी मेळाव्यात उसाचे प्रश्न संपले की एखादे वयस्कर सभासद हमखास विचारतात, "साहेब, ते जाऊ द्या. आमच्या लहानपणी ढोर मेलं की आभाळातून गिधाडं उतरायची. ती गेली कुठं?" प्रश्न साधा आहे. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांना ते दृश्य आठवत असेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आधी एक ठिपका वर घिरट्या घाली. पाठोपाठ दहा, वीस, पन्नास पक्षी उतरत आणि तास-दोन तासांत नुसता सांगाडा उरे. ना दुर्गंधी, ना माशा. आजच्या पोराला हे सांगितले तर त्याला गोष्ट वाटते.

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने शोधून काढले आहे. ते ज्या शास्त्रज्ञाने शोधले त्याचे काम, आणि त्या कामाचा आपल्याशी असलेला संबंध, असा हा लेख आहे.

शास्त्रज्ञाचे मोजमाप

उसाचे मोजमाप एकरी टनात आणि उताऱ्यात होते. शास्त्रज्ञाचे कशात होते? तो संशोधन करतो, त्याचा निबंध शास्त्रीय मासिकात छापून येतो. पुढे दुसरा शास्त्रज्ञ त्या विषयावर काम करू लागला की आपल्या निबंधात लिहितो, "अमक्याने अमुक सिद्ध केले, त्याच्या आधाराने मी पुढे जातो." यालाच दाखला किंवा संदर्भ देणे म्हणतात. एखाद्या निबंधाचे असे किती दाखले दिले गेले यावरून त्याचे वजन ठरते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा बेण्याचा हिशेब आहे. एखाद्या सभासदाचा को ८६०३२ चा प्लॉट उत्तम आला की गावातले दहाजण त्याच्याकडून बेणे नेतात, त्या दहांकडून आणखी शंभर नेतात. मूळ प्लॉट भले वीस गुंठ्यांचा असेल, त्याचे बेणे किती शिवारांत गेले यावर त्याची किंमत ठरते.

असाच एक वीस गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे २००४ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकात आलेला अवघ्या चार पानांचा निबंध. त्यावर तेरा जणांची नावे आहेत. पहिले नाव आहे डॉ. लिंडसे ओक्स यांचे. आजवर जगभरातल्या हजाराहून जास्त निबंधांनी त्याचा दाखला दिला आहे. पर्यावरणात मिसळलेल्या विषांचा सजीवांवर काय परिणाम होतो हे पाहणाऱ्या शास्त्राला पर्यावरण विषशास्त्र म्हणतात. त्या शास्त्रात हा निबंध आज एक मैलाचा दगड मानला जातो.

आधी मोजणी, मग शंका

पण गोष्टीची सुरुवात ओक्स यांच्यापासून होत नाही. ती होते आपल्या मुंबईच्या एका संस्थेपासून. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी ही पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारी देशातील जुनी आणि नामांकित संस्था. तिचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश १९८० च्या दशकात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करीत होते. त्या वेळी तेथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. १९९६ साली ते पुन्हा तेथे गेले, तर घरटी निम्म्याहून कमी. झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडे, झाडाखाली मेलेली गिधाडे. १९९९ साली सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ही घट आकड्यांनिशी मांडली.

पुढे देशभर रस्त्यांवरून मोजण्या झाल्या. १९९२ पासून २००७ पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट झाल्याचे त्यांतून निघाले. म्हणजे हजारात एक उरले! लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्के घटली. एवढा मोठा पक्षी इतक्या झपाट्याने नाहीसा झाल्याचे उदाहरण जगात सापडणे कठीण.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॉ. विभू प्रकाश यांच्याजवळ पूर्वीची नोंद होती म्हणूनच घट कळली. नोंद नसती तर "पूर्वी जास्त असायची बुवा" एवढ्यावर विषय संपला असता. आपण उसाच्या नोंदी वेळेवर द्या म्हणून मागे लागतो, त्यामागेही हेच कारण असते.

रोग की विष?

सुरुवातीला बहुतेकांचा अंदाज होता की हा एखादा साथीचा रोग असावा, कोंबड्यांच्या मरीसारखा. शंका घेण्यासारखेच होते. एकाच वेळी भारत, नेपाळ, पाकिस्तान अशा तीन देशांत पक्षी मरत होते.

या वेळी अमेरिकेतील पेरेग्रीन फंड ही संस्था पुढे आली. तिची स्थापना १९७० सालची. त्या काळी डी.डी.टी.मुळे ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती घरट्यातच फुटत आणि ससाणे संपत चालले होते. त्या संकटातून ही संस्था जन्मली. म्हणजे औषधामुळे पक्षी मरतात हा धडा तिला पाठ होता. संस्थेने पाकिस्तानातील पंजाब प्रांतात तेथील पक्षीतज्ज्ञांच्या मदतीने २००० सालच्या अखेरीस काम सुरू केले आणि मेलेल्या गिधाडांची तपासणी डॉ. ओक्स यांच्यावर सोपवली.

डॉ. लिंडसे ओक्स हे जनावरांचे डॉक्टर. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयात ते रोगजंतूंचा अभ्यास व अध्यापन करीत. शिकारी पक्षी हा त्यांचा आवडीचा विषय, स्वतः ससाणे पाळणारे. म्हणजे पक्षी हाताळण्याचा सराव आणि प्रयोगशाळेचे ज्ञान, दोन्ही एकाच माणसात.

शेकडो मेलेली गिधाडे गोळा झाली. त्यांतील २५९ मोठ्या पक्ष्यांची तपासणी झाली, तेव्हा २१९ जणांत एकच लक्षण दिसले. हृदय, यकृत, मूत्रपिंड यांवर खडूची भुकटी शिंपडावी तसा पांढरा थर. वैद्यकात याला अवयवांचा संधिवात म्हणावे असे नाव आहे. त्याचा अर्थ असा की मूत्रपिंड बंद पडले, लघवीतून बाहेर जायचे यूरिक आम्ल रक्तात साठले आणि त्याचे खडे अवयवांवर बसले.

पण मूत्रपिंड बंद कशाने पडले? डॉ. ओक्स यांनी एकेक संशयित तपासला. विषाणू नाहीत. जिवाणू नाहीत. शिसे, पारा यांसारखे जड धातू नाहीत. शेतीची कीटकनाशके नाहीत. अन्नातील कमतरता नाही. बराच काळ प्रत्येक तपासणीचे उत्तर 'नाही' असेच येत राहिले. संशोधनात असा काळ फार कठीण जातो. पण 'नाही' हेसुद्धा उत्तरच असते. उसाला पिवळेपणा आला तर आधी नत्र, मग लोह, मग पाण्याचा निचरा असे एकेक बाद करीत आपण खऱ्या कारणापाशी पोचतो, तीच ही रीत.

मग त्यांनी प्रश्न उलटा केला. गिधाड काय खाते? मेलेली पाळीव जनावरे. मेलेल्या जनावराने मरण्याआधी काय खाल्ले असेल? औषध! बहुतेक जनावर आजारी पडून मरते, आणि आजारी जनावराला शेतकरी औषध देतोच. मग त्या भागातील जनावरांचे डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्याकडे चौकशी झाली: नव्याने बाजारात आलेले, सर्रास वापरले जाणारे आणि मूत्रपिंडाला धोका असलेले औषध कोणते? उत्तर आले: डायक्लोफेनॅक. ताप, सूज, लंगडेपणा, दुखणे यांवर दिले जाणारे स्वस्त वेदनाशामक. माणसे कंबरदुखीला जी गोळी घेतात तेच औषध.

पंचवीस आणि तेरा

आता पुरावा हवा होता. मूत्रपिंड बंद पडून मेलेल्या २५ गिधाडांचे अवयव तपासले, तर २५ च्या २५ जणांत डायक्लोफेनॅकचा अंश. दुसऱ्या कारणांनी मेलेली १३ तपासली, तर एकातही नाही. इतका स्वच्छ निकाल शास्त्रात क्वचित मिळतो.

तरीही ते थांबले नाहीत. हे औषध दिलेल्या जनावरांचे मांस २० गिधाडांना खाऊ घातले. त्यांतील १३ तशाच रीतीने, अवयवांवर तोच पांढरा थर येऊन मेली. चोर सापडला आणि गुन्हाही सिद्ध झाला. २००३ च्या मे महिन्यात बुडापेस्ट येथील जागतिक परिषदेत ही गोष्ट जाहीर झाली आणि २००४ च्या सुरुवातीला चार पानांचा तो निबंध छापून आला.

सभासदांना शंका येईल की बैलाला जे औषध चालते ते गिधाडाला का मारते? बैलाच्या शरीरातून हे औषध काही दिवसांत बाहेर पडते. गिधाडाचे मूत्रपिंड मात्र त्याला तोंड देऊ शकत नाही. पुढच्या प्रयोगांत दिसले की एका गिधाडाला मारायला एक मिलिग्रॅमच्या आसपासचे प्रमाण पुरते. माणसाची गोळी ५० मिलिग्रॅमची असते, यावरून अंदाज करावा. औषध दिल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत जनावर दगावले तर त्याचे मांस गिधाडांसाठी विषच असते.

सातशे साठांत एक

"पण सगळ्या जनावरांना कुठं इंजेक्शन देतात?" असा प्रश्न कोणी विचारील. त्याचेही उत्तर त्याच वर्षी मिळाले. इंग्लंडचे डॉ. ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवले की १३० मढ्यांपैकी एक, किंवा काही हिशेबांनी ७६० मढ्यांपैकी एक, एवढ्यात जरी घातक प्रमाणात औषध असले तरी गिधाडांची अशी घट होऊ शकते. म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही!

कारण गिधाडाची रीत. ते कळपाने जेवते. एका बैलावर पन्नास-शंभर पक्षी बसतात, म्हणजे एका इंजेक्शनात आख्खी पंगत जाते. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. जो वंश इतका सावकाश वाढतो त्याला थोडीशी जादा मरसुद्धा सोसत नाही.

आणि प्रत्यक्षात प्रमाण किती होते? २००४-०५ मध्ये भारतातील निरनिराळ्या राज्यांत १,८४८ मेलेल्या जनावरांच्या यकृतांचे नमुने तपासले गेले. त्यांतील १० टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडले. कुठे शेकडा एकाहून कमी आणि कुठे शेकडा दहा! दरम्यान भारत आणि नेपाळमधील मेलेल्या गिधाडांतही तेच औषध सापडले होते. पाकिस्तानातल्या प्लॉटचे बेणे आपल्या शिवारातही तसेच उगवले.

बंदी आणि पळवाट

शास्त्रज्ञाने विष दाखवून दिले, पण शेतकऱ्याला दुसरे औषध नको का? जनावराचे दुखणे तर थांबवायलाच हवे. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया विद्यापीठ आणि बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील आपली भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून पर्याय शोधला. मेलॉक्सिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांना निर्धोक असल्याचे २००६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. नंतरच्या चाचण्यांत टोल्फेनॅमिक आम्ल हेही निर्धोक ठरले.

पर्याय हाती येताच २००६ च्या मे महिन्यात केंद्र शासनाने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवण्याचा आदेश काढला आणि २००८ मध्ये राजपत्रातून ते पक्के केले. निबंध छापून आल्यापासून बंदीपर्यंत अवघी दोन-सव्वादोन वर्षे. इतका प्रभावी दाखला फार थोड्या निबंधांच्या वाट्याला येतो.

पण जिथे बांध तिथे भोक! जनावरांची बाटली बंद झाली, तरी माणसांसाठीची ३० मिलिलिटरची मोठी बाटली दुकानात होतीच. माणसाला एका वेळी ३ मिलिलिटर पुरते, मग ३० ची बाटली कोणासाठी? ती गोठ्यातच जात होती. २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही एका मात्रेची, म्हणजे ३ मिलिलिटरची करण्यात आली. मग दुसरी पळवाट निघाली. ॲसिक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, निमेसुलाइड ही भावंडे बाजारात आली. ॲसिक्लोफेनॅक तर गायीच्या पोटात गेल्यावर डायक्लोफेनॅकच होते. २०२३ मध्ये ॲसिक्लोफेनॅक आणि कीटोप्रोफेनवर, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर जनावरांसाठी बंदी आली.

डॉ. ओक्स हे सारे पाहायला राहिले नाहीत. २०११ च्या जानेवारीत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निबंधाचे दाखले मात्र अजून वाढतच आहेत.

गिधाडे गेली, आपले काय बिघडले?

काहीजण म्हणतील, गेली तर गेली, दिसायला कुठे सुंदर होती! त्यांनी पुढचा हिशेब पाहावा.

मढी उघड्यावर सडू लागली, ती खायला कुत्री आली आणि कुत्र्यांची संख्या वाढली. १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या घटीमुळे देशात सुमारे ५५ लाख कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांच्या चाव्याने सुमारे ४८ हजार जादा माणसे दगावली, असा अंदाज २००८ साली अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. २०२४ साली एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी मोठा हिशेब काढला. पूर्वी जिथे गिधाडे भरपूर होती त्या जिल्ह्यांत गिधाडे गेल्यावर माणसांचे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक वाढले आणि २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सडलेली मढी, त्याने बाटलेले पाणी आणि कुत्री ही कारणे त्यांनी दिली. हे अंदाज आहेत, पण निम्म्याने धरले तरी अंगावर काटा येतो.

ऊसवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात डॉ. विद्या अत्रेय यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तेथे बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. उसात बिबट्या आहे म्हणून आपण रात्रीचे पाणी द्यायला घाबरतो. वस्तीजवळ मढे टाकले की कुत्री जमतात, आणि कुत्री जमली की त्यांच्या मागे कोण येतो हे दिंडोरी, निफाडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यातले जटायू

आपला नाशिक जिल्हा या बाबतीत भाग्यवान म्हणावा लागेल. येथून गिधाड अजून पुरते गेलेले नाही. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. हरसूलकडच्या खोरीपाडा येथे वन विभागाने आणि आदिवासी ग्रामस्थांनी मिळून गिधाडांना निर्धोक मढी खायला घालण्याची जागा तयार केली. लोक तिला कौतुकाने 'जटायू रेस्टॉरंट' म्हणू लागले. आणि इगतपुरी तालुक्यातील टाकेद हे तर जटायूचेच तीर्थ. सीतामाईसाठी रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूला प्रभू रामचंद्रांनी तेथे पाणी पाजले अशी श्रद्धा आहे आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. ज्या जिल्ह्यात गिधाडाचे तीर्थ आहे तेथे गिधाड आपल्या हातून मरू नये, एवढी अपेक्षा वावगी नाही.

गिधाड एका दिवसात कितीतरी कोस उडते. अंजनेरीचे गिधाड वणी-पेठच्या बाजूला येऊन जेवले तर नवल नाही. म्हणजे आपल्या शिवारात टाकलेला बैल हाही त्याच पंगतीचा भाग आहे.

हंगामातला बैल

आता मुद्द्याची गोष्ट. गळीत हंगाम सुरू झाला की बैलगाडीच्या टोळ्या येतात. गाडीत ओझे, रस्ता खराब, गाडी गव्हाणीपर्यंत न्यायची घाई. बैल लंगडतो, खांद्याला सूज येते, खूर दुखावतो. टोळीचा पैसा बैलाच्या पायावर अवलंबून, म्हणून मुकादम किंवा गाडीवान दुकानातून इंजेक्शन आणतो, कोणीतरी ते टोचतो आणि बैल दुसऱ्या दिवशी पुन्हा जुवाखाली.

यात दोन तोटे आहेत. पहिला बैलाचा. दुखणे दाबले म्हणजे दुखापत बरी होत नाही. वेदना कळेनाशी झाल्याने तो त्याच पायावर भार देतो आणि कायमचा अधू होतो. दुसरा तोटा असा की असा बैल फडाजवळ दगावला तर पुढचा मुक्काम गाठायच्या घाईत त्याला नाल्यात ढकलून टोळी निघून जाते. मागे उरते ते औषध भरलेले मढे.

गाडीवानाला दोष देणे सोपे आहे. पण त्याला डॉक्टर कुठे मिळेल, कोणते औषध चालते, बैल मेला तर खड्डा कुठे खणायचा, हे सांगणारे आपणच आहोत. टोळी आपल्या शिवारात उतरलेली असते, म्हणून ही जबाबदारी सभासदाची, आणि आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचीही.

सभासदांनी एवढे करावे

१) जनावराला वेदनाशामक द्यायची वेळ आली तर पशुवैद्यकाला "मेलॉक्सिकॅम चालेल का?" असे स्पष्ट विचारावे. बाटलीवरचे नाव स्वतः वाचावे, वाचता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावे.

२) डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, कीटोप्रोफेन, निमेसुलाइड ही चार नावे गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावीत. यांपैकी कोणतेही औषध जनावराला देऊ नये. माणसाचे इंजेक्शन जनावराला टोचणे तर मुळीच नको.

३) कोणतेही इंजेक्शन दिले की तारीख आणि औषधाचे नाव वहीत लिहावे. जनावर दगावले तर त्या नोंदीवरून पुढचे ठरवता येते.

४) औषध चालू असताना किंवा नुकतेच संपल्यावर जनावर दगावले, तर ते उघड्यावर टाकू नये. विहीर, ओढा, कालवा यांपासून दूर माणूसभर खोल खड्डा खणून, चुना टाकून पुरावे.

५) ज्या जनावराला बरेच दिवस कोणतेही औषध दिलेले नाही आणि जे साथीच्या रोगाने मेलेले नाही, ते पुरण्याआधी पशुवैद्यकाला दाखवून वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारणा करावी. गिधाडांना निर्धोक अन्नाचीही तितकीच गरज आहे.

६) कुत्री किंवा बिबट्या मारण्यासाठी मढ्यावर कीटकनाशक टाकण्याचा अघोरी प्रकार कोणी करू नये. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुन्या पिशव्या काही घरांत अजून पडून असतात. अशा मढ्यावर गिधाड, घार, कावळा, जो बसेल तो मरतो. बिबट्याला विष घालणे हा तर गंभीर गुन्हा आहे.

७) आपल्या फडात बैलगाडीची टोळी उतरली की पहिल्याच दिवशी गाडीवानाला पशुवैद्यकाचा पत्ता आणि फोन द्यावा आणि बैल लंगडला तर दोन दिवस विश्रांती देण्यास सांगावे. गाडी दोन दिवस थांबल्याने तोडणी थोडी पुढे जाईल, पण बैल आयुष्याचा अधू होणार नाही.

८) शिवारात गिधाड दिसले, मेलेले किंवा आजारी आढळले, तर तारीख, जागा आणि संख्या लिहून वन विभागाला कळवावी. भरतपूरच्या नोंदीशिवाय हा शोध सुरूच झाला नसता, हे आपण पाहिलेच.

बंधूंनो, कायदा झाला, बंदी आली, पण नंतरच्या तपासण्यांतही मढ्यांतले औषध कमी झाले तरी शून्यावर आले नाही. सातशे साठांत एक हा हिशेब लक्षात घेतला तर 'कमी झाले' एवढ्याने गिधाड वाचत नाही. दिल्लीचा आदेश दुकानापर्यंत येतो, पुढची दहा पावले आपली आहेत. डॉ. ओक्स यांच्या निबंधाला हजार शास्त्रज्ञांनी दाखला दिला. आता आपल्या गोठ्यात बाटलीचे नाव वाचून ती परत करणारा प्रत्येक सभासद त्या निबंधाला आणखी एक दाखला देईल, आणि गिधाडाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग, दिंडोरी